कांदा यार्ड ते कुर्डुवाडी : युद्धातला गहू सीमेवर का अडतो, हे सोलापुरात पाहायचं तर

युक्रेनच्या गव्हावरून पोलंडसारखा जिवाभावाचा शेजारी का बिथरला, हे कळायला सोलापूर जिल्ह्यातले दोन दिवस पुरतात. पहिला दिवस हैदराबाद रोडवरच्या बाजार समितीत घालवावा, दुसऱ्या दिवशी कुर्डुवाडी आणि बार्शी करावी. डिसेंबर-जानेवारीत जा, कांद्याची आवक तेव्हा शिगेला असते. मात्र आदल्या दिवशी एखाद्या अडत्याला फोन करून लिलाव आहे का ते विचारा. आवक यार्डात मावेनाशी झाली की लिलाव बंद ठेवून आधी पडलेला माल हलवतात. अशा दिवशी गेलात तर नुसत्या थप्प्या बघून परत यावं लागेल.

पायात बंद बूट आणि नाकाला रुमाल हवाच. कांद्याच्या फोलपटांचा धुरळा दुपारपर्यंत घशात बसतो. पाठीवर गोणी घेतलेल्या हमालाच्या वाटेत उभं राहू नका, वजन घेऊन त्याला मध्येच थांबता येत नाही. फोटो विचारून काढा. लासलगावला कांदा ट्रॅक्टरमधून मोकळा येतो, इथे गोण्यांत. त्यामुळे उतराई, तोलाई, भराई अशी दर उचलीची मजुरी वेगळी लागते.

ओळख निघाली तर एखाद्या शेतकऱ्याची हिशोबपट्टी बघायला मागा. खरी शिकवणी तिथे. फेब्रुवारी 2023 मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने याच यार्डात 512 किलो कांदा विकला. भाव मिळाला किलोला 1 रुपया. गाडीभाडं, हमाली, तोलाई वजा जाऊन हातात पडला 2 रुपयांचा चेक. भाव कितीही पडला तरी भाडं आणि हमाली पडत नाहीत, म्हणून भावातली घसरण जवळजवळ सगळी शेतकऱ्याच्याच वाट्याला येते.

ही पट्टी डोक्यात ठेवून पोलंडकडे बघा. फेब्रुवारी 2022 मध्ये रशियाने हल्ला केला आणि काळ्या समुद्रातली युक्रेनची बंदरं बंद पडली. जूनमध्ये युरोपीय संघाने युक्रेनच्या मालावरची जकात उठवली. धान्य पोलंड-रुमानियातून जमिनीवरून पुढच्या बंदरांत जाईल, असा बेत होता. पण 30,000 टनांचं एक जहाज म्हणजे 20 टनांचे 1,500 ट्रक. एवढा माल वाहायला ना वाघिणी होत्या, ना बंदरात जागा. पुढे नेण्यापेक्षा सीमेजवळच विकणं स्वस्त पडत होतं. काही गहू तर ‘औद्योगिक वापराचा’ म्हणून कागदावर आला आणि पिठाच्या गिरण्यांत गेला. सीमेलगतच्या पोलिश शेतकऱ्याचं गोदाम भरलेलंच राहिलं.

आता कुर्डुवाडी. सोलापूरहून रेल्वेने सुमारे 80 किलोमीटर. मुंबई-सोलापूर वंदे भारतही थांबते. 1897 साली सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे इथे मुख्य मार्गाला भेटायची. मुख्य रूळ 1,676 मिलिमीटर रुंद, बार्शीचे 762. डबा पुढे जाणं शक्यच नव्हतं, म्हणून पोतं न पोतं उतरवून दुसऱ्या गाडीत चढवायचं. आता सगळा मार्ग ब्रॉडगेज झालाय, तेव्हा छोटी गाडी दिसेल या आशेने जाऊ नका. रेल्वेचा कारखाना आहे, पण परवानगीशिवाय आत सोडत नाहीत. फलाटाच्या टोकाला उभं राहून पोत्यांचा हिशोब मनाशी मांडायचा, बस्स.

युक्रेनचे रूळ 1,520 मिलिमीटरचे, पोलंडचे 1,435. फरक जेमतेम साडेआठ सेंटिमीटरचा, पण काम कुर्डुवाडीचंच: धान्य उपसा किंवा डब्याची चाकं बदला. माल जिथे थांबतो तिथेच भाव पडतो, आणि राजकारणही तिथूनच पेटतं.

एप्रिल 2023 मध्ये पोलंडच्या कृषिमंत्र्यांनी राजीनामा दिला आणि 15 तारखेला युक्रेनच्या धान्याची आयात बंद झाली. पोलंडमधून पुढे दुसऱ्या देशांत जाणाऱ्या मालाच्या नुसत्या वाहतुकीला पुन्हा परवानगी मिळाली, पण इलेक्ट्रॉनिक सील लावून. युरोपीय संघाने मे महिन्यात पोलंडसह पूर्व युरोपातल्या पाच देशांपुरती युक्रेनचा गहू, मका, मोहरीवर्गीय बी आणि सूर्यफूल यांच्यावर बंदी घातली. 15 सप्टेंबरला ती संपली, तरी पोलंड, हंगेरी, स्लोव्हाकियाने आपापली चालू ठेवली. युक्रेनने जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली, तिचे राष्ट्राध्यक्ष झेलेन्स्की यांनी संयुक्त राष्ट्रांत या बंदीवरून टोमणा मारला. दुसऱ्याच दिवशी पोलंडचे पंतप्रधान मोराविएत्स्की म्हणाले, आता युक्रेनला शस्त्रं देत नाही. आधीचे करार पाळू, हा खुलासा नंतर आला. युक्रेनला रणगाडे आणि मिग-29 लढाऊ विमानं देणारा देश हे बोलतोय, तर कॅलेंडर बघा : 15 ऑक्टोबरला तिथे निवडणूक होती.

आपणही काही वेगळे नाही. 8 डिसेंबर 2023 पासून भारताने कांद्याची निर्यात बंद केली आणि मार्च 2024 मध्ये बांगलादेशाला 50,000 टनांची खास सवलत दिली. युद्ध नव्हतं, तरी शेजाऱ्याला कांदा मागावा लागला. यार्डात या विषयावर बोलाल तर पक्षाचं नाव काढू नका, लिलाव राहील बाजूला.

कुर्डुवाडीहून बार्शी सुमारे 35 किलोमीटर, एसटीने जा. तिथली भुसार बाजारपेठ बघा आणि मालदांडी ज्वारी घेऊनच परता. दाणा चावून बघा : टणक लागला तर माल कोरडा. मऊ लागला तर ओल आहे, लवकर कीड लागेल.