व्हीलरवाल्या काकांचा उधारीचा अंक

लंडनच्या यूस्टन स्टेशनावर मी आणि मुलगा कव्हेंट्रीच्या गाडीची वाट बघत होतो. तिथे प्लॅटफॉर्मचा नंबर गाडी सुटायच्या जरासाच आधी लागतो, तोवर सगळे माना वर करून बोर्डाकडे बघत उभे. "आई, तेवढ्यात पाणी घेऊ," म्हणत मुलगा मला डब्ल्यूएचस्मिथ या पुस्तकं-मासिकांच्या दुकानात घेऊन गेला. सँडविच, वेफर्स, चार्जर, मानेच्या उशा. मी सवयीने पुस्तकांच्या फळीपाशी गेले.

"यांचा स्टेशनावरचा पहिला स्टॉल इथेच लागला, १ नोव्हेंबर १८४८ ला," मी त्याला म्हटलं. निघण्याआधीच मी हे सगळं वाचून ठेवलं होतं. 'लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न' या रेल्वे कंपनीकडून ठेका घेऊन स्मिथनी पुस्तकांचे स्टॉल लावले. वाह्यात पुस्तकं ते स्टॉलवर ठेवत नसत, म्हणून लोकांनी त्यांचं नावच 'नॉर्थ वेस्टर्न मिशनरी' पाडलं. २०२५ मध्ये कंपनीने गावोगावच्या बाजारपेठेतली दुकानं विकली, तिथे आता टीजी जोन्सची पाटी आहे. स्टेशनं, विमानतळ आणि हॉस्पिटलांतली दुकानं तेवढी ठेवली.

मला सगळ्यात भावली ती त्यांची लायब्ररी. १८६० पासून पुढे शंभर वर्षं स्मिथच्या स्टॉलवर वर्गणी भरून पुस्तक वाचायला मिळायचं. एका स्टेशनावर घ्यायचं, वाटेत वाचायचं, दुसऱ्या स्टेशनावर बदलायचं. हे वाचलं आणि डोळ्यांसमोर मनमाड उभं राहिलं.

दादा मनमाडच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये होते. १९७९ मध्ये मी नाशिकला कॉलेजात जाऊ लागले. रोजचं अपडाऊन, सकाळची गाडी, हातात डबा. प्लॅटफॉर्मवर व्हीलरचा स्टॉल. दोरीला चिमट्यांनी अडकवलेले अंक, खाली पुस्तकांच्या चळती, मागे काका. पंजाबकडे जाणारी गाडी असो की दौंडकडची, गिऱ्हाईक आलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "कुठपर्यंत?" नागपूर म्हटलं की जाडजूड कादंबरी, नाशिक म्हटलं की साप्ताहिक. खिडकीतून हात बाहेर आला की बोटांच्या बेचक्यात मोड तयार. गाडी हलली तरी ते दोन पावलं सोबत चालत आणि उरलेले पैसे हातात ठेवूनच मागे फिरत.

माझ्याकडे विकत घ्यायला पैसे नसत. मी उभ्याउभ्या चाळायची. ऑक्टोबरात दिवाळी अंक आले तेव्हा एक दिवस काका म्हणाले, "पोरी, असं उभं राहून किती वाचशील? घेऊन जा. संध्याकाळी आण. फक्त पानं दुमडू नकोस."

मी त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं. गाडीत गर्दी, शेजारी कोथिंबिरीचं गाठोडं, तरी अंकाला डाग लागू दिला नाही. संध्याकाळी उतरल्या उतरल्या परत दिला. काकांनी कव्हर काढलं, अंक उलटासुलटा बघितला, पुन्हा चिमट्याला लावला आणि दुसरा हातात दिला. त्या दिवाळीत मी अकरा अंक असे वाचले. त्यांना यातून एक पैसा मिळाला नाही.

हे व्हीलर कोण, असं मी तेव्हा काकांना विचारलं होतं. "असेल कुणी साहेब," ते म्हणाले. पुढे कळलं की कंपनी १८७७ मध्ये अलाहाबादला एमिल मोरो यांनी टी. के. बॅनर्जींना सोबत घेऊन काढली. नाव मात्र लंडनच्या आर्थर हेन्री व्हीलर या पुस्तकविक्रेत्याचं. आपल्या मुंबईत जन्मलेल्या किपलिंगच्या कथांची पुस्तकं याच कंपनीने १८८८ मध्ये रेल्वेच्या प्रवाशांसाठी एकेक रुपयाला काढली. आम्हाला तो इतिहास कुठे ठाऊक! आमच्यासाठी व्हीलर म्हणजे जागा. "व्हीलरपाशी थांब," म्हटलं की चुकामूक होत नसे.

यूस्टनला मी एक रहस्यकथा उचलली. मुलाने मशीनपुढे धरून पैसे भरले. तेवढ्यात नंबर लागला आणि सगळं स्टेशन एका दिशेने धावत सुटलं.

गाडीत समोरच्या सीटवर कुणीतरी 'मेट्रो' हे फुकटचं वर्तमानपत्र टाकून गेलं होतं. मी त्याचं मधलं पान काढलं, मांडीवर पसरलं आणि पुस्तकाच्या मापाने दुमडायला लागले. "आई, हे काय करतेस?" मुलाने विचारलं. "कव्हेंट्रीपर्यंत तासभर आहे ना," मी म्हटलं, "ऐक, सांगते."