दातांची घरगल्ली

उडुपी हॉटेलच्या गल्ल्यावर दोन वाट्या ठेवलेल्या असतात. एकीत बडीशेप, दुसरीत दातकोरण्या. बडीशेप चिमूटभर, त्यातली खडीसाखर वेचून जरा जास्त, आणि मग काडी तोंडात धरून फुटपाथवर येऊन उभं राहायचं. एक हात तोंडावर आडवा धरला की झालो सभ्य. मुंबईत दात कोरणं तसं चारचौघांतलंच काम. बसस्टॉपवर कोणी सेफ्टी पिनेने कोरतो, लोकलच्या दारात कोणी व्हिजिटिंग कार्डाच्या कोपऱ्याने. बेस्टच्या तिकिटाची सुरळी खरं म्हणजे कानासाठी, पण घडी घातली तर दातालाही चालते.

हे सगळं कोरणं मात्र अडकलेल्या गोष्टीसाठी. मटणाचा धागा, भुट्ट्याचं साल, रायवळ आंब्याची शीर. जीभ सारखी तिकडेच जाते, माणसाचं बोलण्यात लक्ष लागत नाही. ते निघालं की जीव भांड्यात पडतो आणि दात विसरले जातात. जे टोचत नाही त्याच्यासाठी आपल्याकडे अवजारच नव्हतं. राखुंडी, मिश्री, काळं दंतमंजन, सगळं बोटावर घेऊन दर्शनी भागावर फिरवायचं. (मिश्री तर भाजलेला तंबाखूच. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू तिला अजून औषध समजतात.) विको कंपनी १९५२ मध्ये आमच्याच परळमध्ये निघाली. तिच्या मंजनाच्या नावातली वज्रदंती म्हणजे पिवळी कोरांटी, तीही पावडर होऊनच घरोघर पोचली.

दोन दात एकमेकांना चिकटून उभे असतात, तिथे ब्रशचे केस शिरत नाहीत. दोन चाळींमधल्या घरगल्लीसारखी ती जागा. पुढून रंगरंगोटी झकास, मध्ये वरच्या मजल्यांवरून पडलेलं सगळं साचलेलं, आणि आत जायला कोणी तयार नाही. त्या फटीत जिवाणूंचा चिकट थर बसतो. थुंकीतल्या क्षारांनी थोड्याच दिवसांत त्याचं कीटण होतं, आणि एकदा कीटण झालं की ब्रश, धागा, मीठ-तेल, कशालाच ते दाद देत नाही, डॉक्टरकडूनच काढून घ्यावं लागतं. हिरडी सुजते, लाल होते, ब्रश लागला की रक्त येतं. इथवर गाडी मागे फिरवता येते. पुढे दाताखालचं हाड झिजायला लागलं की गेलेलं हाड सहसा परत येत नाही. लबाडी अशी, की हे सगळं होईस्तोवर बहुतेकदा दुखत काहीच नाही.

माझ्या सासऱ्यांना, अण्णांना, साखरेचा आजार आहे. साखरेने हिरड्या बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांनी साखर आवरत नाही, अशी ही दुहेरी खोडी. म्हणून त्यांना मुंबई सेंट्रलला नायर डेंटलमध्ये नेलं. १९३३ पासूनचं हे कॉलेज, आणि सकाळी बाहेरची रांग बघून वाटतं की अख्ख्या मुंबईची बत्तीशी आज इथेच आली आहे. कीटण काढून झाल्यावर एका शिकाऊ डॉक्टर मुलीने जबड्याचा नमुना पुढ्यात घेतला आणि हातभर धागा तोडून दोन्ही मधल्या बोटांना गुंडाळला.

अण्णा बघतच राहिले. "अगं, गिरणीच्या साचेखात्यात जन्म गेला माझा. आता तोंडात पण सूत घालू?"

ती हसली, पण सोडलं नाही. धागा दाबून खाली आपटायचा नाही, हलकेच सरकवत उतरवायचा. मग एका दाताला कवेत घेतल्यासारखा वळवायचा, हिरडीच्या कडेखाली जरासा, आणि वर-खाली. नंतर शेजारच्या दाताला तसंच. करवतीसारखं ओढायचं नाही. आणि पुढच्या फटीला धाग्याचा नवा तुकडा, नाहीतर इकडची घाण तिकडे.

घरी आल्यावर पहिल्याच रात्री रक्त आलं आणि अण्णांनी धाग्याची डबी माझ्या हातात दिली. रक्त धाग्याने येत नाही, हिरडी आधीच सुजलेली असते म्हणून येतं. हलक्या हाताने रोज केलं तर आठवड्या-दोन आठवड्यांत कमी होतं, नाही झालं तर पुन्हा डॉक्टर. हे त्यांना मी सांगून पटलं नाही. पटलं ते वेगळ्याच गोष्टीने. पार्मली नावाच्या अमेरिकी दंतवैद्याने १८१९ च्या पुस्तकात दातांच्या फटींसाठी मेण लावलेला रेशमी धागा सुचवला होता, आणि रेशमाच्या जागी नायलॉन आला तो दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास, असं मी वाचून दाखवलं. "मेण लावलेलं रेशीम!" अण्णा म्हणाले आणि डबी परत घेतली. त्यानंतर त्यांची बोटं अशी चालायला लागली की आम्ही बघत बसावं. तुटलेला धागा पकडून सांधणारा हात तो, दाढेमागे शिरायला त्याला आरसा लागत नाही.

पुढच्या खेपेला डॉक्टर म्हणाल्या, हिरड्या खाली सरकल्यामुळे तुमच्या मागच्या फटी रुंद आहेत, तिथे धाग्यापेक्षा बारीक ब्रश बरा. बाटली धुवायच्या ब्रशची बाहुलीएवढी आवृत्ती. अण्णांना ते फारसं आवडलं नाही. मागे ब्रश, पुढे सूत, अशी तडजोड झाली.

वेळ रात्रीची. सकाळी नळाचं पाणी, डबे आणि लोकल यांच्यात बेसिनसमोर कोणाला उभं राहू देतात? शिवाय झोपेत लाळ कमी सुटते, तेव्हा तोंड साफ करून झोपावं हे शास्त्रालाही धरून.

माझ्या मुलाला हे धाग्याचं प्रकरणच पटत नाही. २०१६ मध्ये अमेरिकी सरकारच्या आहारविषयक सूचनांतून फ्लॉसचा, म्हणजे या धाग्याचा, उल्लेख गळाला, पुरावा कच्चा आहे अशी चर्चा झाली, हे त्याला तोंडपाठ. खरंच आहे ते. वैद्यकीय संशोधन तपासून आढावे काढणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१९ च्या आढाव्यातही ब्रशच्या जोडीला धागा वापरल्याने हिरड्यांची सूज कमी होऊ शकते इतकंच, आणि तेही दबक्या आवाजात. पण पुरावा कच्चा म्हणजे धागा कुचकामी, हे मला मान्य नाही. परवा त्याने हाच मुद्दा आजोबांपुढे मांडला. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं, हातभर सूत तोडलं आणि म्हणाले, "अमेरिकेचे दात अमेरिका बघेल. तू आ कर."