तीस सेकंदांचा खेळ

सोमवारी मधल्या सुट्टीत शिपाई मावशी वाचनालयात आल्या. म्हणाल्या, "टीचर, सातवी ब ची पोरं एवढी हात का धुतायत? नळाखाली सगळी चिखलराड झालीये." मी बाहेर जाऊन उभी राहिले. पाच-सहा जण धावत आले, तोंडाने उलटी मोजणी चालू: बारा, अकरा, दहा. व्हरांड्याच्या टोकाला एक मुलगा एकटाच डबा खात बसला होता. त्याच्या मनगटांवर पांढरे डाग आहेत.

हा खेळ त्यांना मीच वाचून दाखवला होता.

घोडबंदर रोडवरची आमची शाळा सेमी-इंग्रजी. वाचनालयाचा तास ३५ मिनिटांचा, त्यातली दहा पुस्तकं परत घेण्यात जातात. उरलेल्या वेळात मी इंग्रजी कादंबरी हातात धरून मराठीत सांगत सांगत वाचते. गुरुवारी 'वंडर' चालू होतं. आर. जे. पलासिओ यांची २०१२ची ही कादंबरी ऑगस्ट या मुलाची. जन्मापासून त्याचा चेहरा वेगळा आहे आणि पाचवीत तो पहिल्यांदाच शाळेत जातो. आठ भाग, सहा निवेदक. तिसरा भाग त्याच्या शाळेतली समर सांगते आणि त्यात 'प्लेग' नावाचा खेळ येतो: ऑगस्टला चुकून हात लागला तर ३० सेकंदांत हात धुवायचे किंवा सॅनिटायझर लावायचं, नाहीतर लागण. प्लेग म्हणजे काय ते मुलांना कळेना, म्हणून मी कोविडचं उदाहरण दिलं. नियम सांगून झाला आणि घंटा वाजली.

तिथेच चुकलं. मुलांच्या हातात खेळाचे नियम तेवढे पडले. पुढच्या चार ओळींत समर काय म्हणते, ते पडलंच नाही.

वर्गशिक्षिकांना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मस्ती करतात हो, पकडापकडीच आहे ती." मलाही त्यांना चटकन पटेल असा शब्द सापडेना. 'चिडवतात' म्हटलं की मोठी माणसं हसून सोडून देतात. 'छळ' म्हटलं की प्रकरण थेट मुख्याध्यापकांच्या टेबलावर. 'दादागिरी' म्हटलं की मारामारी कुठे झाली ते विचारतात. इथे ना शिवी होती ना धक्काबुक्की. होती ती फक्त मोजणी, आणि ती लांबून खेळासारखीच दिसते. प्रार्थनेनंतर 'कुणाला त्रास देणार नाही' अशी शपथ आमच्याकडेही झाली आहे. ती याच मुलांनी खड्या आवाजात घेतली होती.

गणिताच्या सरांनी त्याच दिवशी त्यांचा शेवटचा तास दिला, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. मी कुणाचं नाव घेतलं नाही, त्या मुलाकडे बघितलंही नाही. अशा वेळी सगळा वर्ग बाईंच्या नजरेमागे नजर वळवतो आणि ज्याला वाचवायचं तोच उघडा पडतो. तेच पान पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचलं आणि या वेळी संपवलं. समर शाळेतल्याच मायाला सांगते की हा खेळ मूर्खपणाचा आहे. मायालाही ते पटतं. तरीही ऑगस्टने हात लावलेल्या चेंडूला ती हात लावणार नसते.

एकच प्रश्न विचारला: पटलंय, तरी माया चेंडूला हात का लावत नाही?

"तिला लागण होईल." "लागण होत नाही, तिला माहितीये ना!" मग मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "लावला तर मग तिच्याशी पण कुणी खेळणार नाही." त्यानंतर वर्ग गप्प झाला. मीही पुढे काही विचारलं नाही. 'तुमच्यापैकी कोण असं करतं?' हा प्रश्न इथे ओठांवर येतो, आणि तो विचारला की मुलं ठरलेली उत्तरं देऊ लागतात.

पुढचे दोन गुरुवार 'वंडर' बाजूला ठेवून एलिनॉर एस्टिस यांचं 'द हंड्रेड ड्रेसेस' घेतलं. १९४४चं, छोटंसं पुस्तक. वांडा रोज एकच विटका निळा फ्रॉक घालून येते आणि घरी शंभर ड्रेस आहेत म्हणते. वर्गातली पेगी रोज तिला त्यावरून विचारते. पेगीची मैत्रीण मॅडी शेजारी उभी राहून ऐकते. मॅडी स्वतः गरीब आहे, उद्या आपली पाळी येईल याची तिला धास्ती. 'आता पुरे' अशी चिठ्ठी ती पेगीला लिहायला घेते आणि फाडून टाकते. सातवीच्या वयाला छळणाऱ्यापेक्षा ही चिठ्ठी जास्त कळते, कारण वर्गात बहुतेक जण मॅडीच असतात. वांडा मात्र या दोघींनी माफी मागायच्या आत गाव सोडून जाते. माझ्या वर्गाला ते अजिबात आवडलं नाही. "असं कसं संपवलं?" म्हणून भांडले.

नळावरची गर्दी त्या आठवड्यात ओसरली. ती वाचनाने ओसरली की पर्यवेक्षक व्हरांड्यात उभे राहू लागले म्हणून, हे मला ठरवता येत नाही.

तो मुलगा नंतर पुस्तक बदलायला आला. 'त्याच्यासाठी योग्य' असं पुस्तक मी काढून दिलं नाही. चारचौघांत तसं पुस्तक हातात देणं म्हणजे पुन्हा बोट दाखवणंच. परतीच्या गठ्ठ्यात 'वंडर'ची दुसरी प्रत होती. तीच त्याने स्वतः उचलली आणि विचारलं, "टीचर, पुढे तो खेळ बंद होतो का?"

"वाचून बघ," म्हणाले. त्या क्षणी दुसरं काही सुचलं नाही. त्याने कार्डावर तारीख घालून घेतली आणि पुस्तक दप्तरात अगदी तळाशी, डब्याच्या खाली ठेवलं.

माझ्या प्रतीत आता त्या पानावर पिवळी चिठ्ठी आहे: दहा मिनिटं हातात नसतील तर हे पान सुरू करायचं नाही.