चौऱ्याण्णव

दुपारी घर झोपलं की मी इंटरनेटची स्पीड टेस्ट लावून बसतो. काही कारण नसतं, काटा वर चढताना बघायला बरं वाटतं एवढंच. परवा मात्र तो ९४ वर जाऊन थांबला. लाइन ३०० एमबीपीएसची, म्हणजे सेकंदाला ३०० मेगाबिटची, लॅपटॉपला सरळ वायर लावलेली, आणि परत परत बघितलं तरी आपलं ९४.

वायफाय असतं तर काही बोललो नसतो. ते लहरीच, त्यात आमच्याकडे राउटर टीव्हीच्या मागे आणि त्याच्यापुढे फोटोफ्रेम, कारण काय तर वायरी दिसतात! वायफायच्या दोन लहरींपैकी ५ गिगाहर्ट्झ भिंतीपलीकडे दमतं, २.४ लांब जातं पण मायक्रोवेव्ह सुरू झाला की त्याचं डोकं फिरतं. पण वायरवर आकडा असा ९४ ला ठाण मांडून बसला की ओळखायचं, वाटेत काहीतरी १०० चं आहे, वरचे सहाएक वाटखर्चात जातात. राउटरचा पोर्ट तरी, नाहीतर केबल.

केबलचं टोक उजेडात धरलं. पारदर्शक प्लास्टिकमधे आठ बारीक तारा, केशरी, हिरवी, निळी, तपकिरी आणि प्रत्येकीची पांढऱ्या पट्ट्याची जोडीदारीण. १०० ला यातल्या चारच पुरतात, गिगाबिटला, म्हणजे १००० ला, आठच्या आठ लागतात. आमची तपकिरी केसभर मागे राहिलेली. एरर नाही, लाल दिवा नाही, दोन्ही टोकांनी आपसात १०० वर मिटवून टाकलं आणि गप्प बसली. हा समजूतदारपणा मला अजिबात आवडत नाही, सरळ बंद पडली असती तर कधीच कळलं असतं.

तसं ९४ ला नाक मुरडणं म्हणजेही जरा अतीच. लहानपणी घरच्या फोनच्या लाइनवर चालणारा ५६ केबीपीएसचा (किलोबिटचा) मोडेम होता, तोही कागदावर ५६. तो किंचाळून, खरखर करून एकदाचा लागायचा, आणि तेवढ्यात आई फोन उचलायची, की झालं, पुन्हा पहिल्यापासून. फोटो वरून खाली पट्टीपट्टीने उतरायचा, केसांवरून माणूस ओळखायचा खेळ आम्ही भावंडं खेळायचो आणि त्यावरून भांडायचोही. हजारपटीहून जास्त वेग आलाय त्यानंतर.

तर केबल बदलली, आकडा लगेच ३०० च्या घरात. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून आठने भागलं तर सेकंदाला साधारण ३७ एमबी (मेगाबाइट). आता काहीतरी मोठं उतरवू म्हणून बसलो तर उतरवण्यासारखं काही सुचेचना, सगळं हल्ली तिथल्या तिथेच बघतो आपण, आणि फोरकेलासुद्धा पंचवीसेक एमबीपीएस खूप झाले. म्हणजे ९४ मधेही आरामात चाललं असतं. चाललंच होतं की इतके दिवस. फोटोफ्रेम हलवायचा विषय अजून घरात काढलेला नाही, माझा मोबाइल तिकडच्या खोलीत २.४ लाच चिकटून बसतो, बसू दे.