ठमीची अर्धी गोळी

ठमी मांजर माझ्या जनावरांच्या दवाखान्यात टेबलावर आली तेव्हा काट्यावर भरली २ किलो ९०० ग्रॅम, आणि तिच्या लसीकरणाच्या जुन्या कार्डावर वजन लिहिलं होतं ४ किलो ६००. कार्ड दोन वर्षांपूर्वीचं. घेऊन आली होती घरातली मुलगी, पाचवा महिना चालू, बंगळुरूहून बाळंतपणासाठी माहेरी ठाकुर्लीला आलेली. म्हणाली, "वर्षाने आले हो डॉक्टर, दारातच हिला उचललं तर हाताला नुसती हाडं लागली." काकू लगेच म्हणाल्या, अगं पण खाते किती! आत्ता दिलं की पाच मिनिटांत परत ओट्यापाशी हजर, मच्छी साफ करायला घेतली की अंगावर येते, रात्री तीनला उठून घरभर ओरडत फिरते. काका दारापाशीच छत्री घेऊन उभे होते. ते एवढंच म्हणाले, चौदा वर्षांची झाली, म्हातारपण आहे, दुसरं काय.

यात काका-काकूंचा दोष नाही हे मी आधीच सांगते. रोज बघणाऱ्याला वजन उतरलेलं कळत नाही, आणि खाणारं जनावर आजारी असेल हे कुणाच्या मनातच येत नाही. आधी दोन ठिकाणी दाखवून झालं होतं, दोन्हीकडे जंताचं औषध देऊन पाठवलं होतं. मला मात्र म्हातारी मांजर, खाणं दुप्पट आणि वजन उतरलेलं असं ऐकलं की आधी तीनच गोष्टी आठवतात, डायबेटिस, किडनी आणि थायरॉईड.

स्टेथो लावला तर ठोके मिनिटाला २४०. केस तेलकट, गुंते झालेले. मग थायरॉईडच्या ग्रंथीसाठी मान तपासली. ही तपासणी घाईत होत नाही, मांजराची हनुवटी हलकेच वर करायची आणि अंगठा नि बोट श्वासनळीच्या दोन्ही बाजूंनी गळ्यापासून छातीपर्यंत सावकाश खाली सरकवत न्यायचं. निरोगी मांजरात तिथे काहीच लागत नाही. ठमीच्या डाव्या बाजूला वाटाण्याएवढं काहीतरी बोटाखालून टुणकन सटकलं. मी परत वर गेले, परत खाली आले, परत सटकलं. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकत असताना हा आजार पुस्तकात वाचला होता, हाताला असा स्पष्ट लागलेला तो पहिलाच.

माणसांत, विशेषतः बायकांत, थायरॉईड म्हटलं की बहुतेक वेळा ग्रंथी कमी काम करतेय असाच अर्थ असतो. म्हाताऱ्या मांजरांत नेमकं उलटं. ग्रंथी वाढते आणि हार्मोन बेसुमार सोडत राहते, सगळं शरीर चोवीस तास फुल स्पीडवर, म्हणून भूक पेटलेली आणि अंगाला काही लागत नाही. गाठ बहुतेक वेळा साधी असते, कॅन्सरची निघणारी शंभरात दोन-तीन. अमेरिकेत १९७९ मध्ये पहिल्यांदा हा आजार मांजरांत नीट नोंदवला गेला आणि आता तिकडे म्हाताऱ्या मांजरांत हार्मोनचा सगळ्यात जास्त दिसणारा आजार हाच आहे. आपल्याकडे मांजरं आता कुठे घरात राहून बारा-चौदा वर्षं जगायला लागलीयत, त्यामुळे आपल्यालाही हा आता दिसत जाणार.

रक्त पाठवलं. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला, टी-फोर, म्हणजे थायरॉईडचं हार्मोन, १३.८, लॅबची वरची मर्यादा ४.७. साखर नॉर्मल, किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन १.१, लिव्हरचं एक एन्झाइम वाढलेलं, ते या आजारात वाढतंच. मी घरी फोन केला, काकूंनी उचलला. समोर टेबलावर पोट फुगलेला कुत्रा होता, मी घाईत म्हणाले, "काकू, ठमीला थायरॉईड निघालाय, घाबरू नका, उद्या या, गोळ्या सुरू करू." बस, एवढंच. या एका वाक्यावर मी नंतर खूप रात्री विचार केलाय.

दुसऱ्या दिवशी पावसाने सगळं बंद पाडलं, रस्त्यावर गुडघाभर पाणी, त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी सकाळी नऊला मी शटर वर करत होते तेवढ्यात रिक्षा थांबली आणि काका उतरले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात बास्केट, आणि बास्केटमधून येणारा आवाज मी आधी ऐकला मग मांजर बघितली. ठमी तोंड उघडं टाकून कुत्र्यासारखी धापा टाकत होती. मांजर असं तोंडाने श्वास घ्यायला लागली की तिला धरायचं नाही, सुई टोचायची नाही, टेबलावर दाबून एक्सरे काढायचा नाही, नुसतं धरण्यानेच ती जाऊ शकते. बास्केटसकट तिला आतल्या खोलीत नेलं, दिवा घालवला, ऑक्सिजनची नळी आत सोडून वरून टॉवेल टाकला आणि बाहेर येऊन दार लावलं. वीस मिनिटं. काका बाकावर बसून त्या बंद दाराकडे बघत होते.

मागून दुसऱ्या रिक्षाने काकू आणि मुलगी आल्या. काकूंनी आल्या आल्या मला सांगितलं, की "डॉक्टर, औषध मी चालू केलंय हो, दोन दिवस झाले. माझी आहेच ना गोळी, अठरा वर्षं घेतेय, तिला अर्धी दिली सकाळी उपाशीपोटी, जशी मी घेते तशी." मला काय बोलावं सुचेना. काकूंची गोळी थायरॉक्सिनची, म्हणजे जे हार्मोन ठमीच्या अंगात आधीच तिप्पट झालं होतं तेच वरून अजून. आणि ती त्यांनी किती प्रेमाने दिली होती, पाऊस उघडत नाही, डॉक्टरकडे जाता येत नाही, आणि औषध तर घरातच डबीत पडलंय.

त्या दोन अर्ध्या गोळ्यांनी नक्की किती बिघडलं ते मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही, कारण मांजरांच्या पोटातून ते औषध फार कमी शोषलं जातं, आणि पावसातला रिक्षाचा प्रवास, गडगडाट, आधीच थकलेलं हृदय हेही होतंच. पण मी फोनवर "थायरॉईड वाढलाय, तुमच्या उलट आहे, तुमची गोळी चुकूनही नको" हे एक वाक्य जास्त बोलले असते तर काकूंवर ही वेळ आली नसती. त्यांना कळलं तेव्हा त्या तिथेच बाकावर बसल्या आणि पदर तोंडाला लावला. मी त्यांच्याशेजारी बसून सांगितलं की चूक माझ्या बोलण्यातली आहे, तुमच्या हातातली नाही. आता मी कुठल्याही पेशंटच्या घरच्यांना नुसतं थायरॉईड असं म्हणत नाही, जास्त आहे का कमी ते आधी सांगते आणि घरात कुणाला गोळी चालू आहे का ते लगेच विचारते.

अर्ध्या तासाने धाप बसली. ठोके तरी २६०. मग एक्सरे काढला, छातीत पाणी नव्हतं, तेव्हा माझा स्वतःचा श्वास खाली आला. ठोके उतरवायला २५ मिलिग्रॅमच्या अॅटेनोलॉलची पाव गोळी दिली, दिवसभर ठेवून घेतली, संध्याकाळपर्यंत १९० वर आले. शांत झाल्यावर बीपी मोजलं, १७० च्या आसपास. हेही बघावंच लागतं, कारण बीपी चढून डोळ्याचा पडदा सुटला तर मांजर एका रात्रीत आंधळी होते. डोळे ठीक होते.

मग संध्याकाळी तिघांना बसवून खरं औषध समजावलं. मेथिमाझोल. माणसांचीच गोळी, केमिस्टकडे मिळते. कार्बिमाझोलही मिळतं, ते पोटात गेल्यावर मेथिमाझोलच होतं, फक्त मात्रा वेगळी. ही गोळी ग्रंथीला नवीन हार्मोन बनवू देत नाही, पण आधीचा साठा संपायला वेळ लागतो, म्हणून फरक दिसायला दोन-तीन आठवडे. गाठ ती घालवत नाही, त्यामुळे गोळी आयुष्यभर, आणि बंद केली की आजार परत हजर. परदेशात किरणोत्सारी आयोडीनचं एक इंजेक्शन देऊन बहुतेक मांजरं कायमची बरी करतात, ती सोय ठमीसाठी मला कुठे मिळाली नाही. ऑपरेशन होतं, पण असं हृदय घेऊन तिला भूल द्यायची माझी तयारी नव्हती. म्हणजे सगळा खेळ घरातल्या माणसाच्या हातात, सकाळ-संध्याकाळ, ५ मिलिग्रॅमची अर्धी गोळी, रोज.

"मी देईन, माझ्याशिवाय ती कुणाला तोंड उघडू देत नाही," मुलगी म्हणाली. आणि तेच नेमकं नको होतं. हे औषध पोटातल्या बाळाला बाधू शकतं, गरोदर बाईने अर्धी केलेली गोळी हाताळू नये, तिची पूड तर नाहीच नाही, आणि मांजराच्या मलमूत्रातूनही औषध थोडं बाहेर पडतं, त्यामुळे लिटर ट्रेही साफ करायचा नाही, तो तर टॉक्सोप्लाझ्मासाठीही नकोच, म्हणजे मांजराच्या विष्ठेतून येणारा, पोटातल्या बाळाला बाधणारा जंतू. मुलीचा चेहरा उतरला. कॉलेजात असताना स्कूटरखाली सापडलेलं पिल्लू तिने ड्रॉपरने दूध पाजून वाढवलं होतं. काकूंचे हात संधिवाताने आखडलेले. थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही, आणि मग काका म्हणाले, "मला दाखवा कसं द्यायचं."

काका रेल्वेच्या माटुंगा वर्कशॉपमध्ये फिटर होते, सदतीस वर्षं. बोटं जाड, नखांच्या कडा अजून काळ्या. चौदा वर्षांत त्यांनी ठमीला उचलून घेतलेलं कुणी बघितलं नव्हतं असं काकू म्हणाल्या. पहिल्या दिवशी गोळी जिभेवर विरघळली, ती कडू जहर असते, ठमीच्या तोंडातून फेसच फेस, काकांच्या हातावर तीन ओरखडे. मी त्यांना सगळ्यात छोट्या रिकाम्या कॅप्सूल आणून दिल्या, अर्धा तुकडा आत टाकून बंद करायचा म्हणजे चव लागत नाही, टोकाला जरासं तूप. टॉवेलमध्ये गुंडाळायचं, डाव्या हाताने गालांची हाडं धरून डोकं वर करायचं, खालचा जबडा आपोआप सैल पडतो, कॅप्सूल जिभेच्या मुळाशी सोडायची, तोंड मिटायचं, आणि मग सिरिंजने चार-पाच मिली पाणी गालातून सावकाश, नाहीतर कॅप्सूल घशातच चिकटून जखम करते. चौथ्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर दिली. रबरी हातमोजे घालून, एकही झटका न देता. मी इतकी वर्षं हे काम करतेय पण इतक्या हलक्या हाताने मला जमत नाही.

सातव्या दिवशी उलट्या झाल्या, एक दिवस जेवली नाही. या औषधाने पहिल्या तीन महिन्यांत हे होतं, कधी चेहरा रक्त येईपर्यंत खाजवतात, कधी पांढऱ्या पेशी उतरतात, तसं असेल तर औषध बंदच करावं लागतं. तपासलं, पेशी ठीक होत्या, चेहरा ठीक होता. दोन दिवस थांबवून पाव-पाव गोळीवर आणलं आणि दहा दिवसांनी परत अर्ध्यावर नेलं, यावेळी टिकली.

तेव्हापासून एका महिन्याने रक्त काढलं. टी-फोर २.४. मी फोनवर जवळजवळ ओरडलेच. पण क्रिएटिनिन १.१ वरून १.९ वर गेलं होतं. रिपोर्ट हातात घेऊन काका म्हणाले, "म्हणजे आपल्या गोळीने किडनी बिघडली?" मी म्हणाले नाही, किडनी आधीच थकलेली होती, पण हार्मोनमुळे हृदय एवढ्या जोरात रक्त ढकलत होतं की तिचं भागत होतं, आता जोर नॉर्मलवर आला आणि खरी परिस्थिती दिसली. काकांनी क्षणभर विचार केला. "जाळी चोंदलेली होती, पण पंप फुल होता म्हणून नळाला पाणी येत होतं." मी आता बाकीच्यांना असंच समजावते. गोळी तीच ठेवली, किडनीचं खाणं सुरू केलं, जागोजागी पाण्याच्या वाट्या ठेवायला सांगितल्या. पुढच्या तपासण्यांत क्रिएटिनिन तिथेच थांबलं. बीपीसुद्धा १४० वर आलं, त्यासाठी वेगळं औषध लागलं नाही.

काकांनी एक दोनशे पानी वही केली होती. पट्टीने रेघा मारून कॉलम, तारीख, वेळ, गोळी, खाणं, उलटी, आणि शनिवारी वजन, स्वतः काट्यावर उभं राहून आणि मग ठमीला घेऊन, वजाबाकी बाजूला करून. प्रत्येक व्हिजिटला ती वही माझ्या टेबलावर यायची आणि खरं सांगते, मोठमोठ्या हॉस्पिटलांच्या केसपेपरवर मी इतकी स्वच्छ नोंद बघितलेली नाही. अशा आजारात डॉक्टर महिन्यातून एकदा बघतो, बाकी साठ वेळा कुणीतरी घरी टॉवेल पसरून बसलेलं असतं.

डिसेंबरात ठमी आली तेव्हा ३ किलो ९०० होती, पाठीवरचे केस परत दाट, रात्रीचं ओरडणं बंद. काका एकटेच आले होते, घरी बाळाची तेल-आंघोळ चालू होती. वजन कसं चढत गेलं ते बघायला मी वही मागे चाळत गेले, आणि नोव्हेंबरच्या एका ओळीवर थांबले.

स. ७ – अर्धी. खाल्लं. दु. १.४० – मुलगी झाली, २ किलो ९००. सं. ७ – अर्धी, हॉस्पिटलातून येऊन दिली. खाल्लं नीट.