घरातल्या रियाजासाठी इलेक्ट्रिक व्हायोलिन: नोंद तिसरी, घोडी आणि हेडफोन

मागच्या नोंदीत प्रश्न दोन प्रकारांवर येऊन थांबला होता: हेडफोनचं सर्किट सोबत येणारं वाद्य, की नुसता पिकअप (तारेचं कंपन विजेच्या लहरीत बदलणारा भाग) असलेलं, ज्याला बाहेरून प्रीअॅम्प (ती लहर मोठी करणारी डबी) लावावा लागतो. बेळगावच्या शहापूर-वडगावकडच्या गल्ल्यांत घरं भिंतीला भिंत लागून. त्यात कुणाच्या घरी एसएसएलसीचा (दहावीचा) अभ्यास, कुणाकडे तान्हं बाळ. इथे वाद्य रात्री साडेदहाला केसमधून काढून दोन मिनिटांत वाजवता आलं पाहिजे. म्हणून पहिला प्रकार. प्रीअॅम्प, अॅडॅप्टर आणि तीन केबलींचा पसारा रोज मांडायचा म्हटलं की चौथ्या दिवशी रियाज बंद पडतो.

निवडताना लाकूड आणि रंग शेवटी बघा. आधी बघायचं ते हेडफोनचं भोक. यामाहाने १९९७ मध्ये सायलेंट व्हायोलिन आणलं ते याच कामासाठी, पण त्यांचं प्रत्येक इलेक्ट्रिक व्हायोलिन त्या जातीचं नाही. वायईव्ही दिसायला देखणं, मात्र त्याला हेडफोन लागत नाही. ते स्टेजचं वाद्य. वायएसव्ही-१०४ ला छोटा कंट्रोल बॉक्स वेगळा येतो, त्यात हेडफोनही आहे आणि ऑक्सही (फोनचा आवाज आत घेणारं भोक). स्वस्त मॉडेलांत बहुतेक वेळा नऊ व्होल्टचा चौकोनी सेल आणि सर्किट वाद्याच्या पाठीतच बसवलेलं असतं. चालतं, फक्त वजन वाढतं. साधं व्हायोलिन साधारण साडेचारशे ग्रॅमचं. इलेक्ट्रिक सहसा पाचशेच्या पुढे भरतं. उभं राहून वाजवणाऱ्याच्या मानेला हा फरक तासाभरात कळतो.

ऑक्स इन आपल्याकडे चैन नव्हे. फोनवरचा तानपुरा त्याच हेडफोनमध्ये यायला हवा, नाहीतर एका कानात तानपुरा आणि दुसऱ्यात व्हायोलिन अशी कसरत होते. ब्लूटूथ हेडफोनचा मोह टाळा. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत चौपट तानेतला एक स्वर १२५ मिलिसेकंदांचा; ब्लूटूथची दिरंगाई सहज तेवढी किंवा जास्त असते. म्हणजे गज (बो) पुढच्या स्वरावर आणि कान मागच्या. वायरचाच हेडफोन घ्या, कान पूर्ण झाकणारा, ३२ ओहमच्या आसपासचा. २५० ओहमचा स्टुडिओ हेडफोन या चिमुकल्या सर्किटला ओढवत नाही, आवाज बारीक येतो. एकाच कानात आवाज आला तर वाद्य बिघडलं म्हणून परत पाठवू नका. आधी हेडफोन खरंच हेडफोनच्या भोकात आहे का बघा. अॅम्पसाठीच्या मोनो आउटपुटमध्ये स्टीरिओ पिन घातली की हेच होतं.

बसून वाजवणाऱ्यांसाठी वेगळी अडचण. स्क्रोल (वाद्याचं वळलेलं टोक) उजव्या घोट्यावर टेकवायचा आणि मागची बाजू छातीला लावायची, तर नुसत्या सांगाड्याच्या वाद्याला छातीशी टेकायला जागाच नसते. कड रुतते किंवा वाद्य फिरतं. त्यामुळे खालच्या भागाला नेहमीच्या व्हायोलिनसारखी पूर्ण कड असलेलं मॉडेल बघा. स्क्रोल छाटलेली मॉडेलं घोट्यावरून सटकतात. खाली शॅमॉय (मऊ चामड्यासारखं) कापड ठेवून भागतं, पण मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) घेताना हात अडखळतो तो अडखळतोच.

आता या खेपेचं मुख्य काम: घोडी, म्हणजे तारा ज्यावर टेकतात तो ब्रिज. सध्या टेबलावर नऊ व्होल्ट सेलवालं साधं वाद्य आहे. तक्रार अशी की तिसरी तार, म्हणजे मंद्राकडची डी, बाकीच्या तारांपेक्षा दबलेली. अशा वेळी लोक आधी पिकअपला दोष देतात. बहुतेकदा दोष घोडीच्या पायाचा असतो. घोडीखालचा पिकअप पिएझो जातीचा, तो दाबावर चालतो. पाय पूर्ण टेकला नाही की त्या बाजूचा दाब हरवतो. पातळ कागदाची पट्टी पायाखाली सरकवून बघा. कोपऱ्यात आत गेली तर फट आहे. इथेही तेच निघालं.

उपाय सोपा, घाई मात्र नको. तारा सैल करा. इलेक्ट्रिकमध्ये आत साउंडपोस्ट (साध्या व्हायोलिनच्या पोटातली उभी काडी) नसल्याने चारही एकदम उतरवल्या तरी काही पडत नाही. घोडी बसते ती जागा सपाट असेल तर तिथे ४०० नंबरचा सँडपेपर खरखरीत बाजू वर करून ठेवा आणि घोडी उभी धरून थोडी थोडी घासा. पिकअप उघडा असेल तर हे काम काचेवर करा, पिकअपवर नाही. पाच-सहा फेऱ्यांनंतर कागदाच्या पट्टीची परीक्षा पुन्हा. इथे डीचा आवाज बाकीच्यांच्या रांगेत आला. फोनच्या रेकॉर्डरमध्ये चारही मोकळ्या तारा एकाच दाबाने वाजवून पातळी ताडून बघितली.

तारांची उंची मोजायला ड्रिलचे बिट वापरा: फिंगरबोर्डच्या (बोटं पडतात त्या लाकडी पट्टीच्या) शेवटी ई तारेखाली साडेतीन मिलिमीटरचा बिट अलगद सरकला पाहिजे, जी तारेखाली साधारण पाच ते साडेपाचचा. कारखान्यातून वाद्य बऱ्याचदा याहून उंच येतं, आणि मग मींडेला बोटं दुखतात. उंची कमी करायची ती घोडीच्या माथ्यावरून, कारण पाय आत्ताच बसवलेत. माथ्याची गोलाई जशी होती तशीच राहिली पाहिजे. सपाट झाली की गज शेजारच्या तारेला लागतो. खाचा तारेच्या जाडीच्या एक-तृतीयांशापेक्षा खोल नकोत, आणि त्यांत पेन्सिलीचं शिसं भरा. मिरजेत तंतुवाद्यांचे कारागीर आहेत, पण सतार-तंबोऱ्यावर बसलेला हात व्हायोलिनच्या घोडीवर चालतोच असं नाही. आधी विचारून जा.

जाड तारेकडून चारही तारा म-सा-प-सा अशा लावायच्या तर डी सा धरून फक्त ई तार डीवर उतरवा. ताण कमी झाला की घोडीवरचा दाबही कमी होतो, त्यामुळे ती तार हेडफोनमध्ये थोडी बारीक वाटणं साहजिक आहे. जाड गेजची ई लावा, पिकअपशी खेळू नका.

करंट गेल्यावर एक गंमत होते. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर अॅडॅप्टर चालवला तर हेडफोनमध्ये भुंग्यासारखी घरघर येते. सेलवर तीच जागा शांत. म्हणून सेलवरच वाजवा, अल्कलाइन घ्या, आणि वाजवून झालं की केबल काढा. अनेक वाद्यांत केबल लावली की सर्किट चालू होतं आणि रात्रभरात सेल बसतो. आवाज फाटायला लागला तर पहिला संशय सेलवर घ्या.

रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) असेल तर सूर लावताना बंद ठेवा. कानाला गोड लागतं, पण निसटलेला कोमल गंधार त्यात लपतो. शिवाय लाकडी व्हायोलिनमध्ये सूर बरोबर लागला की मोकळी तार जशी गुणगुणते, तसं इथे फार कमी होतं. त्यामुळे आठवड्यातून काही वेळा तरी, दुपारी का होईना, साधं व्हायोलिन हातात घ्यायलाच हवं. रबरी जड म्यूट लावूनही चालेल. त्याने आवाज बराच दबतो, आणि पैसे कमी असतील तर पहिली खरेदी तीच करा.

आणि हो, हे वाद्य मुकं नाही. गजाखालच्या तारेचा बारीक आवाज खोलीत ऐकू येतो. दार लावलं की शेजारच्या खोलीत सहसा जात नाही.

शिल्लक काम दोन. खुंट्या: पावसाळ्यात फुगून अडकतात, उन्हाळ्यात सुटतात, सध्या पेगपेस्ट (खुंटी नीट फिरून टिकावी म्हणून लावायचं मलम) लावलीय, गिअरवाल्या खुंट्या बसवायच्या की नाही ते पुढच्या पावसात ठरेल. दुसरं, तानपुऱ्याचा आवाज ऑक्समधून वाढवला की मागे सूं सूं येतं. फोनचा आवाज तीन-चतुर्थांशावर आणि वाद्याचा निम्म्यावर ठेवला की ते कमी होतं. पूर्ण जात नाही. ऑक्सची केबल बदलून बघायची आहे.