प्राग: तीन दिवस, घड्याळाच्या काट्यावर

प्रागमध्ये काय बघायचं याच्या याद्या सगळीकडे मिळतात. माझ्या मते इथे खरा प्रश्न ‘काय’ हा नसून ‘किती वाजता’ हा आहे. एकाच पुलावर सकाळी सहाला तुम्ही एकटे असता आणि अकराला तिथे पाय ठेवायला जागा नसते. म्हणून हे टिपण ठिकाणांपेक्षा वेळांबद्दल जास्त आहे.

आधी व्हिसाचं. प्राग-व्हिएन्ना अशी जोडसहल असेल तर ज्या देशात जास्त रात्रींचा मुक्काम, त्या देशाकडे शेंगेनचा (युरोपातल्या अनेक देशांना चालणाऱ्या सामायिक व्हिसाचा) अर्ज करायचा. रात्री सारख्याच असतील तर जिथून प्रवेश करणार, त्या देशाकडे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. तो शेवटच्या पंधरवड्यावर टाकू नका.

विमानतळावरून 59 क्रमांकाची ट्रॉलीबस नाद्राझी वेलेस्लावीन या मेट्रो स्थानकापर्यंत जाते. तिथून हिरवी ए लाइन धरून स्तारोमेस्त्स्काला उतरलं की जुनं शहर पाच मिनिटांवर. एकच तिकीट बस, मेट्रो, ट्राम सगळ्यांना चालतं, पण ते मिनिटांवर असतं. कागदी तिकीट पिवळ्या यंत्रात घालून त्यावर वेळ छापून घ्यावी लागते आणि बहुतेकांचं चुकतं ते इथेच. तिकीट खिशात असलं तरी शिक्का नसेल तर दंड होतो. उलट गाडी बदलल्यावर पुन्हा शिक्का मारायचा नाही. ट्राममधल्या यंत्रावर कार्डाने काढलेल्या तिकिटावर मात्र वेळ आधीच असते.

चलन कोरुना, युरो नाही. एटीएम रुपयांत हिशोब दाखवून ‘मान्य?’ विचारतं तेव्हा नकार द्या आणि कोरुनातच पैसे घ्या, कारण त्या रूपांतराचा दर महाग असतो. पैसे बदलणाऱ्या दुकानात फसगत झाली तर पावती दाखवून तीन तासांच्या आत व्यवहार रद्द करता येतो. तसा कायदाच आहे.

आता ऑर्लोय, म्हणजे जुन्या नगरभवनाच्या भिंतीवरचं 1410 सालचं खगोलीय घड्याळ. लोक तासाच्या ठोक्याला जमतात, सांगाडा दोरी ओढतो, खिडक्यांतून येशूच्या बारा प्रेषितांच्या मूर्ती सरकतात, कोंबडा आरवतो, आणि मिनिटभरात गर्दी पांगते. मला वाटतं, खरं बघायचं ते गर्दी पांगल्यावर. तबकडीवर एकाच वेळी तीन प्रकारचे तास आहेत. सोनेरी हाताचा काटा रोमन आकड्यांवर आपले नेहमीचे चोवीस तास दाखवतो. बाहेरच्या काळ्या कड्यावर जुन्या वळणाचे सोनेरी आकडे आहेत, ते सूर्यास्तापासून मोजलेले तास. आपला वार सूर्योदयाला बदलतो, तसा जुन्या चेकांचा दिवस सूर्यास्ताला संपायचा. सूर्यास्त रोज सरकतो म्हणून हे कडंही वर्षभर मागेपुढे फिरत राहतं. निळ्या भागातल्या वक्र रेषा तिसऱ्या प्रकारच्या. सूर्योदय ते सूर्यास्त या काळाचे त्या बारा समान भाग करतात, त्यामुळे जूनमध्ये यातला एक तास सुमारे 80 मिनिटांचा होतो आणि डिसेंबरात जेमतेम 40 मिनिटांचा.

आत मध्यापासून बाजूला सरकलेलं राशिचक्र आहे आणि त्यावर छोटा सोनेरी सूर्य. पंचांग ओळखणाऱ्याला हा सूर्य चुकल्यासारखा वाटेल, कारण इथे तो 21-22 डिसेंबरलाच मकरेत शिरतो आणि आपली संक्रांत 14 जानेवारीच्या सुमाराला. चूक कुणाचीच नाही. हे चक्र सायन आहे, म्हणजे ऋतूंवरून मोजलेलं, आणि आपलं पंचांग निरयन, म्हणजे ताऱ्यांवरून. अयनचलनामुळे, म्हणजे पृथ्वीच्या अक्षाच्या संथ डुलण्यामुळे, पडलेलं हे अंतर डोळ्यांनी दिसणारी दुसरी जागा मला माहीत नाही.

‘हानुश नावाच्या कारागिराने हे केलं आणि त्याचे डोळे काढले’ ही गोष्ट कानावर पडेलच. ती दंतकथा आहे. घड्याळ कादानच्या मिकुलाशने बनवलं. मे 1945 मध्ये आगीत प्रेषितांच्या मूर्ती जळाल्या, आताच्या त्यानंतरच्या आहेत. नगरभवनाचं तिकीट काढून बरोबर तासाला आतल्या चॅपेलमध्ये थांबलात तर त्या पाठीमागून, हातभर अंतरावरून दिसतात. खालची गर्दी टळते आणि खिसेकापूही.

नगरभवनाच्या पूर्वेला, फरशीत 27 पांढरे क्रॉस आहेत. लोक त्यांच्यावरून चालत जातात. 21 जून 1621 ला हॅब्सबर्ग सम्राटाविरुद्धच्या बंडाच्या 27 पुढाऱ्यांना इथे मारलं आणि बारा जणांची मुंडकी पुलाच्या बुरुजावर टांगली. त्या बंडाची सुरुवात नदीपल्याड, किल्ल्यातल्या जुन्या राजवाड्याच्या खिडकीत झाली होती. 23 मे 1618 ला सम्राटाचे दोन सरदार आणि त्यांचा लेखनिक तिथून खाली फेकले गेले. तिघेही वाचले, पण तीस वर्षांचं युद्ध पेटलं. क्रॉस, बुरुज, खिडकी या क्रमाने चाललात तर शहराचा हा इतिहास पायांखालून उलटा उलगडतो.

मधला बुरुज चार्ल्स पुलाचा. पूल 516 मीटर लांब, पायाचा दगड 1357 सालचा. सूर्योदयाला जायचं आणि जुन्या शहराकडून निघायचं, म्हणजे ऊन पाठीशी आणि समोर किल्ला उजळलेला. जूनमध्ये सूर्य पाचच्या आत उगवतो, डिसेंबरात आठला. थंडीतली सहल यासाठीच मला जास्त पटते, फक्त दुपारी चारला अंधार पडतो हे धरून चाला. पुलावरचे बरेचसे पुतळे प्रतिकृती आहेत, मूळ दगड संग्रहालयात हलवलेत.

किल्ल्याला पायऱ्या चढून जाऊ नका. 22 नंबरच्या ट्रामने पोहोर्झेलेत्स थांब्यापर्यंत जा आणि उतारावरून चालत या. दारात सुरक्षा तपासणीची रांग असते, त्यामुळे नऊला उघडण्याआधी पोहोचा. रविवारी दुपारपर्यंत सेंट व्हिटस कॅथेड्रल पर्यटकांना बंद असतं. त्याचं बांधकाम 1344 ला सुरू होऊन 1929 ला पूर्ण झालं. डावीकडची, आल्फोन्स मुखा या चेक चित्रकाराची रंगीत काच चुकवू नका. तिकीट दोन दिवस चालतं, तेव्हा सगळं एका दमात उरकू नका.

योसेफोव, म्हणजे जुनी ज्यू वस्ती. तिथली सिनेगॉग (ज्यूंची प्रार्थनास्थळं) पर्यटकांना शनिवारी बंद. शुक्रवार ते रविवारच्या सहलीत शनिवारवर टाकलं तर हे हमखास हुकतं. पिंकास सिनेगॉगच्या भिंतींवर नाझींनी मारलेल्या चेक ज्यूंची जवळपास 78,000 नावं हाताने लिहिलेली आहेत. इथे तासभर तरी ठेवा आणि नंतर लगेच दुसरं काही ठरवू नका.

जेवण साडेअकरा-बाराला घ्या. आठवड्याच्या दिवशी दुपारी दोनपर्यंत ‘पोलेद्नी मेनू’ असतो, स्थानिक लोक तोच खातात. शाकाहाऱ्यांनी ‘बेझ मासा’ म्हणायचं. चेकमध्ये ‘मासो’ म्हणजे मांस, माशाला ‘रिबा’ म्हणतात, तेव्हा मासे नको असतील तर ते वेगळं सांगा. ब्रांबोराक म्हणजे किसलेला बटाटा, लसूण आणि मार्जोरम घातलेलं धिरडं. पण ते कधीकधी डुकराच्या चरबीत तळतात, म्हणून ‘सादलो?’ असं विचारून घ्या. लसणाच्या सूपातही बऱ्याचदा मांसाचा रस असतो. टेबलावर न मागता आलेल्या पावाचे पैसे लागू शकतात.

बूट जाड तळाचेच घ्या. फरसबंदी छोट्या दगडी ठोकळ्यांची आहे, पातळ तळ तासाभरात टोचायला लागतो आणि बॅगेची छोटी चाकं त्या फटींत अडकून तुटतात. मोठी बॅग स्टेशनच्या लॉकरमध्ये ठेवून पाठीवरची सॅक घेऊन फिरणं सोपं.